नानांची पगारवाढ

आमचे नाना पगारवाढ मिळू नये म्हणून भांडायचे. हे मी कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "मिळावी म्हणून, असं म्हणायचंय ना?" नाही. मिळू नये म्हणून. सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर वाढीसाठी बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली. पण वाढ अडवायला साहेबाच्या केबिनबाहेर बसणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा बाप होता.

कारण होतं आईचं हृदय. लहानपणी तिला सांधेज्वर झाला आणि जाता जाता तो हृदयाची एक झडप आवळून गेला. दर एकविसाव्या दिवशी इंजेक्शन, रोजच्या गोळ्या, आणि डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य, "आत्ता नाही, पण पुढेमागे ऑपरेशन लागेल." हे सगळं नानांच्या कामगार विम्याच्या कार्डावर व्हायचं. ऑपरेशनही त्याच कार्डावर मुंबईला होणार होतं. कार्डाला अट एकच, पगार सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या आत हवा. मर्यादा ओलांडली की आज ना उद्या कार्ड बंद, मग तुमचं तुम्ही बघा. म्हणजे पगार वाढणार चार पैशांनी आणि ऑपरेशन पडणार अंगावर. नव्वदच्या दशकात नाना मुख्य लेथवर लोखंड कातायचे. हात चांगला होता, आणि चांगल्या हाताच्या माणसाचा पगार वाढायचाच. दरवर्षी ते त्या मर्यादेच्या आणखी जवळ सरकत होते.

खाजगी विमा नव्हता का तेव्हा? होता की. आमच्याच गल्लीत एक विमा एजंट राहायचे. नानांनी त्यांना एका रविवारी चहाला बोलावलं. त्यांनी रेक्झिनच्या बॅगेतून फॉर्म काढला, नानांनी झडपेचं सांगितलं, आणि एजंटांनी पेनाला टोपण लावलं.

"आधीपासूनचा आजार चालत नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पण फॉर्मवर लिहायचंच नाही. कोण बघतंय?"

"डॉक्टर बघतो की," आई चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. "छातीला नळी लावली की पहिलं तेच ऐकू येतं त्याला."

एजंटांनी चहा संपवला, दोन बिस्किटं खाल्ली, आणि आमच्या घरातल्या ज्या माणसाला काहीही झालं नव्हतं त्याचा, म्हणजे माझा, विमा उतरवायची तयारी दाखवली. नानांनी त्यांना हात जोडले.

त्यामुळे नानांना राजकारणात रस होता तो तेवढ्या मर्यादेपुरता. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार गल्लीत आला की नाना पुढे होऊन विचारायचे, "साहेब, कामगार विम्याची मर्यादा कधी वाढवणार?" उमेदवार बिचारा नळ, रस्ते आणि गटारी पाठ करून आलेला असायचा. एकाने "वाढवूच" म्हणून मागच्या कार्यकर्त्याला टिपून घ्यायला सांगितलं. कार्यकर्त्याने टिपलं, आणि जाता जाता मला हळूच विचारलं, "कसली मर्यादा गं?" दिल्लीने कधी काळी ती वाढवलीच, तर नाना पेढे आणायचे आणि दुसऱ्या दिवशी साहेबाकडे जाऊन अडवून ठेवलेली वाढ मागायचे. आमच्या घरात नवा पंखा कधी येणार हे असं दिल्लीत ठरायचं. पण दिल्लीला घाई नसते, आणि युनियनला असते.

मी आठवीत असताना युनियनचा तीन वर्षांचा करार झाला. घसघशीत वाढ होती. त्या दिवशी नाना डबा विसरले होते म्हणून मी तो घेऊन गेटवर गेले. गेटवर गुलाल, ढोल, घोषणा. नाना मात्र चहाच्या टपरीमागे युनियनच्या अध्यक्षांशी हुज्जत घालत होते.

"सगळी कंपनी गुलाल उधळतीय आन् तुला वाढ नको?" अध्यक्ष म्हणाले. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"करार लय चांगला केला तुम्ही. फक्त मला त्यातनं काढा."

"करारातनं एक माणूस काढता येत नाय."

"मग मला खालच्या ग्रेडला टाका. लेथ सोडतो. स्टोअरला हेल्पर म्हणून बसतो."

अध्यक्षांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "चौदा वर्षं लेथवर काढली तू."

"मंडळीच्या झडपेला ते कुठं ठाऊक हाय?" नाना म्हणाले.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझा संताप झाला होता. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी 'टर्नर' असं ठळक अक्षरात लिहायचे. वर्गात दुसऱ्या कोणाचे वडील टर्नर नव्हते. आता हेल्पर लिहायचं? मी डबा बाकावर आपटला. आतली आमटी सांडली. नानांनी रुमालाने डबा पुसला, मला भेळभत्ता घेऊन दिला आणि म्हणाले, "आईला सांगायचं नाय. कंपनीनं ग्रेड कापली, एवढंच. आपल्यापायी झालं असं तिच्या मनानं घेतलं, तर झडप राहील बाजूला आन् तीच हाय खाईल." मी कबूल केलं. भेळभत्ता खाऊन झाल्यावर केलं, आधी नाही.

पुढची पाच वर्षं आईच्या जिभेला उसंत नव्हती. "तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं कुठल्या कुठं गेली, आणि तुम्ही नटबोल्ट मोजत बसा." हे ती सकाळी म्हणायची, संध्याकाळी म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची. एकदा तर पंचवटीच्या भाजीबाजारात मेथीच्या जुडीवरून बोलता बोलता भाजीवालीलाही तिने नानांच्या ग्रेडची कहाणी ऐकवली. भाजीवालीने हळहळून जुडीमागे आठ आणे कमी केले. नाना पिशवी धरून उभे होते. त्यांनी फक्त कोथिंबीर विचारली.

कारखान्याच्या साहेबाला नानांचं कारण माहीत होतं. त्याला वाईट वाटायचं म्हणून दिवाळीला तो नानांना काहीबाही वस्तू द्यायचा. एका वर्षी कुकर, एका वर्षी स्टीलचं पिंप, एका वर्षी सहा डब्यांचा संच. वस्तू पगारात धरत नाहीत, म्हणून नाना त्या खुशाल घ्यायचे. "पगार द्यायला हात आखडतो आणि भांडी देतो," आई म्हणायची. "कंपनी आहे का बोहारीण?" अशा वेळी मला तिचा इतका राग यायचा की दोनदा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. दोन्ही वेळा नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. तरी एकदा मी तिला "तू फार दुष्ट आहेस" म्हणालेच. ती हसली आणि पोळ्या लाटत राहिली.

मी कॉलेजात असताना आईला जिना चढताना धाप लागायला लागली आणि डॉक्टरांनी अखेर मुंबईची चिठ्ठी दिली. कार्ड चालू होतं. मांडीतून नळी घालून त्यांनी ती झडप रुंद केली. नाना दोन दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून होते, शर्टाच्या खिशात कार्ड आणि खिशावर हात. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटल्यावर ते संडासात जाऊन रडून आले. मला कळू नये म्हणून तोंड धुतलं होतं, पण डोळे लाल होते. पुढे काही महिन्यांनी इंजेक्शनही बंद झालं, वर्षातून एकदा दाखवून जा म्हणाले.

त्यानंतर नाना साहेबाकडे गेले आणि म्हणाले, "आता द्या काय द्यायची ती." त्यांना लेथ परत मिळाला. पहिल्या आठवड्यात कातायला दिलेले दोन जॉब बिघडवले, मग हात बसला. नवी ग्रेड मिळाली तेव्हा त्यांनी पेढे आणले. आईने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "उशिरा का होईना, कंपनीला अक्कल आली." निवृत्तीला तेव्हा जेमतेम चार वर्षं उरली होती.

नाना निवृत्त झाले आणि मी नोकरीला लागले. कार्ड आता नव्हतं, म्हणून मी मोठ्या हौसेने दोघांचा मेडिक्लेम काढला. पहिल्या वर्षी हप्ता भरताना कर्तेपणाचा आव आणला. दुसऱ्या वर्षी तो वाढला. तिसऱ्या वर्षी आईने वयाचा कुठलासा टप्पा ओलांडला आणि हप्त्याने उडीच मारली. शिवाय हृदय त्यात धरलेलंच नव्हतं. म्हणजे आईचं हृदय सोडून उरलेल्या आईचा विमा मी दरवर्षी चढ्या भावाने उतरवत होते. त्या वर्षी नोटीस आली तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून मनसोक्त शिव्या घालत होते. आई द्राक्षं निवडत होती.

"बंद करून टाक," ती म्हणाली. "माझ्यापायी आणखी कोणी पगार घालवायला नको."

"आणखी कोणी?" मी विचारलं.

आईने दाराकडे पाहिलं. बाहेर ओसरीवर नाना पेपर वाचत होते. "विम्याच्या दवाखान्यात खिडकीवर एक बाई होत्या. कार्ड चालू राहील ना, हे यांनी त्यांनाच विचारलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझे नाना स्टोअरला गेले ना, त्याच महिन्यात मला म्हणाल्या, नशीबवान आहात, तुमच्यासाठी माणसानं ग्रेड सोडली. त्यांना वाटलं मला माहीत आहे."

मी नोटीस खाली ठेवली. "मग त्यांना एवढं का बोलायचीस?"

"बोलले नसते तर त्यांना कळलं असतं, मला माहीत आहे म्हणून. मग ते माझ्याकडे बघायचे नाहीत नीट, मी त्यांच्याकडे नाही. रोज उठून एकमेकांचे उपकार फेडत बसायचं का? त्यापेक्षा बिनकर्तृत्वाचा नवरा आणि तोंडाळ बायको बरी. घर चाललं ना?" तिने एक सडकं द्राक्ष बाजूला टाकलं. "ऑपरेशन होईपर्यंत कमी पडू दिलं नाही मी बोलायला."

मला रडू आलं. बारा वर्षं मी हिला दुष्ट समजत होते.

"काय कुजबुज चाललीय?" ओसरीवरून नानांनी विचारलं.

आईने आवाज चढवला. "काही नाही. तुमच्या पेन्शनीचं बोलतोय. वेळच्या वेळी ग्रेड घेतली असती, तर पोरीवर ही पाळी आली नसती."

बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"चुकलंच माझं," नाना म्हणाले.