शेवटच्या पानावरची वस्ती

लातूर जिल्हा नवा, कलेक्टर कचेरीतलं युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीनही नवं, आणि ते कळणारा एकटा ताहेर. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात आठही कारकून एकदम मशीनवर बसू लागले, मेमरी पुरेना. ताहेरनं कर्नलमध्ये, म्हणजे मशीनचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, प्रत्येक चालू प्रोग्रामच्या स्टॅकची, म्हणजे कामापुरत्या जागेची, हद्द निम्मी केली. सगळ्यांचं भागलं, साहेबांनी पाठ थोपटली.

टँकरच्या यादीचा प्रोग्राम मात्र गावातून वाडीत, वाडीतून वस्तीत उतरायचा आणि दर पायरीला स्टॅकमधली थोडी जागा खायचा. चाकूरकडच्या एका आडवस्तीपाशी जागा संपली अन् कर्नलनं प्रोग्राम मारून टाकला. कागद थांबला म्हणजे यादी संपली, असं समजून ताहेरनंच तो प्रिंटरवरून फाडून साहेबांच्या सहीला दिला.

त्या वस्तीवर टँकर गेलाच नाही. म्हातारी भामाबाई वाटीनं पाणी भरायला आटल्या विहिरीत उतरली, ती वर आली नाही.

नवव्या दिवशी तिचा लेक व्यंकटी कचेरीत आला. "आमच्या वस्तीचं नाव न्हाई का हो तुमच्या कागदात?" एवढंच बोलला.

ताहेरनं स्टॅकच्या हद्दीचा तो एक आकडा पुन्हा वाढवला, मशीन बंद करून चालू केलं, यादी नव्यानं छापली. शेवटच्या पानावर वस्ती निघाली.

दुसऱ्या दिवशी टँकरवर ताहेर स्वतः बसून गेला. पहिल्या घागरीनं व्यंकटीनं आईच्या दहाव्याची आंघोळ केली.