औषधी की औद्योगिक?

तळहातावर स्पिरिटचा थेंब घ्यायचा, दुसऱ्या तळव्याने चोळायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि निकाल द्यायचा, "औषधी." किंवा नाक मुरडून, "औद्योगिक." आमच्या कारखान्यात नेमलेल्या अबकारी इन्स्पेक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, आणि पुढंही असंच पाहत आलो.

आमचा कारखाना हैदराबादला, बालानगरात. खोकल्याची औषधं आणि टिंक्चर बनवायचा. त्याला शुद्ध स्पिरिट लागे. मालकांचा शेजारीच फर्निचर पॉलिशचा छोटा धंदा होता, त्यालाही तेच लागे. शिवाय पाणी घालून प्यायलाही ते बरं. सरकारची अडचण समजून घ्या. औषधाला हवं तर शुद्ध द्यायचं, पॉलिशला हवं तर त्यात घाण वासाचं विष कालवून द्यायचं, आणि मधल्यामध्ये कुणी पिऊ नये म्हणून एक माणूस बसवायचा. तो माणूस म्हणजे हे. पगार सरकारचा, चहा आमचा.

गोदामाला कुलपं दोन. एकाची किल्ली त्यांच्या जानव्याला, दुसऱ्याची माझ्या खिशात, कारण स्टोअर्स मी सांभाळायचो. दोघं मिळून गेल्याशिवाय दार उघडत नसे. त्यांचं डोकं दुखलं की माझं काम बंद, मी रजेवर गेलो की त्यांचं. इतकं बांधलेपण माझ्या संसारातही नव्हतं.

त्यांचं घराणं मूळचं परभणीकडचं, पण जन्म हैदराबादच्या जामबागेतला. त्यामुळं मराठी सोवळ्यातली आणि वैताग दखनीतला. "अरे कायकू परेशान करता मियाँ, तिसरा वापर नाही ना कायद्यात," असं ते हमालालाही सांगत. कायद्यात दोनच वापर होते, म्हणून जगातही दोनच होते. कँटीनचा उपमा औद्योगिक. ईराणी चहा औषधी. मालकांचा अमेरिकेहून परतलेला भाचा गोदामापाशी येऊन बोलायला लागला, तेव्हा त्यांनी नुसता श्वास आत घेतला आणि माझ्या कानात म्हणाले, "औद्योगिक." मी एकदा विचारलं, "आणि मी?" तर म्हणाले, "नमुना ठेवलाय. तपासणी चालू आहे."

ते दिवसच असे होते की सरकार एका हातानं दारं उघडत होतं. परवाने गेले, परदेशी यंत्रं आली, बेगम बाजारात नवनवे शॅम्पू लटकू लागले. दर बजेटनंतर मालक हौसेनं विचारायचे, "साहेब, तुमचं कुलूप कधी जाणार?" "माझ्यासंगं," ते म्हणायचे. आणि दुसऱ्या हातानं सरकारनं राज्यात दारूबंदी आणली. झालं. अख्खं शहर कोरडं, आणि भरलेल्या टाकीवर बसलेला एकच इसम, तो आमचा. लांबलांबच्या नातेवाइकांना त्यांची तब्येत विचारावीशी वाटू लागली.

त्यातच मुलीचं लग्न ठरलं. बायको लवकर गेलेली, मुलगी यांनी एकट्यानं वाढवली. मुलगा तिनंच पसंत केलेला, व्याही मिरचीचे ठोक व्यापारी. साखरपुड्यातच व्याह्यांनी हळूच सांगितलं, "वरातीतल्या मंडळींची सोय बघा. नाही तर आमचे भाऊ रुसतात, आणि ते रुसले की आम्हालाबी रुसावं लागतं."

लग्नाच्या आदल्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन बसले. चहावर साय धरली तरी कप उचलला नाही. मग खाली बघत म्हणाले, "पोरीच्या मनातला मुलगा आहे हो." कप बाजूला सारून म्हणाले, "संध्याकाळी हॉलवर येताना तुमची किल्ली खिशात असू द्या." मी बरं म्हणालो. आम्ही दोघंही एकमेकांकडं बघायचं टाळलं. मला त्यांचा राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं.

हॉल अंबरपेठेत होता. सीमांतपूजन आटोपलं आणि व्याही पाटावरून उठता उठता सगळ्यांसमोर म्हणाले, "काय व्याहीबुवा, आमच्या सोयीचं काय? सरबत-बिरबत नक्को. तुम्ही तर टाकीवरच बसलाय." भाऊमंडळी हसली. हे माझ्याकडं बघू लागले. त्यांचा हात जानव्याकडं गेला, माझा खिशाकडं.

तेवढ्यात मेंदीचे हात पुढं धरून बसलेली मुलगी म्हणाली, "मामंजी, कशाला पाहिजे? औषधी की औद्योगिक? आमच्यात तिसरा वापर नाही."

पहिल्यांदा हसला तो नवरा मुलगा, अगदी मोठ्यानं. मग त्याची आई हसली. आता एकट्यानं रुसायचं तर शोभा व्हायची, म्हणून व्याही म्हणाले, "पोरगी बापाच्या वर निघाली की. जाऊ द्या, चहाच आणा. साखर जास्ती."

आमचे साहेब खांबाआड गेले आणि उपरण्यानं डोळे पुसून आले. मला म्हणाले, "किल्ली घेऊन फिरू नका मियाँ. हरवली तर माझ्या नोकरीवर येईल." दुसऱ्या दिवशी मुलीच्या पाठवणीला त्यांनी व्याह्यांचा हात हातात घेतला, हुंगला आणि गंभीरपणे सांगितलं, "औषधी. थोडी भेसळ आहे."

दारूबंदी उठली. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी माणूस आलाच नाही. आता कागदावर भागतं म्हणे. मालकांनी त्यांचं कुलूप काढून टाकलं. मी एकट्यानं दार उघडू लागलो, आणि उघडताना उगाच कुणाची तरी वाट बघत थांबायचो.

शेवटचे भेटले ते शहरातल्या कोठी भागातल्या एका दवाखान्यात. मुलगी उशाशी होती. त्यांना मला ओळखता येत होतं की नाही, कळेना. नर्सनं दंडाला स्पिरिटचा बोळा लावला, सुई टोचली आणि बोळा दाबून धरायला मला सांगून गेली. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात ओढून नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "औषधी."

बोटांना स्पिरिटचा वास होता. निकाल त्याचा होता की माझा, हे विचारायला मी दुसऱ्या दिवशी गेलो, तर खाट रिकामी होती.