कपाच्या कानावरचा ठिपका

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कप एकटाच उपडा ठेवलेला दिसला. बाकीचे टोपलीत निथळत होते. तो सुमनचा, माझ्या धाकट्या जावेचा. दीर एचआयव्हीने गेले, तिलाही लागण आहे. दर महिन्याला सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेतल्या की ती आमच्याकडे चहाला येते.

तिचा कप ओळखू यावा म्हणून फार वर्षांपूर्वी त्याच्या कानाला मीच नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. उष्ट्या कपाने हा आजार होत नाही, हे मला उशिरा कळलं. मग लाजेने तो ठिपका खरवडून काढला आणि कप इतरांत मिसळून टाकला. तिच्याशी मात्र त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. आपण चूक पुसतो तीही गुपचूप, माफी मागावी लागू नये म्हणून.

आज पाहिलं, तर कानावर ताजा ठिपका.

"हा कुणी लावला गं?"

"मीच, ताई. आधीचा निघून गेला होता. तुमचा घोळ नको व्हायला."

मी त्याच कपात माझा चहा ओतला. तिने घाबरून माझा हात धरला आणि आपण शिवलो हे लक्षात येताच चटका बसावा तसा सोडला.