सुतकात निवडलेली पेटी

माझ्या वडिलांनी एकदा एका माणसाला दुसऱ्यांदा मारलं. कारण काय, तर चार लोकांसमोर पेटी वाजवून बघायला लागू नये.

पेटी म्हणजे हार्मोनियम. घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची चाळ होती, आणि चाळीत कोकणातल्या मंडळींचं एक भजनी मंडळ होतं. दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन व्हायचं. बाबा मंडळाचे बुवा. म्हणजे पेटीवर तेच आणि गायलाही तेच. गिरणी होती तोवर ते साचाखात्यात मागावर होते. संपानंतर गिरणी गेली आणि बाबा साकीनाक्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहायला लागले. तिथे त्यांना सगळे ‘ए मामा’ म्हणायचे. आठवड्यातून एकच संध्याकाळ अशी होती की लोक उठून जागा द्यायचे आणि ‘बुवा, या’ म्हणायचे.

आणि बाबांना ऐकू येईनासं झालं होतं.

अगदी ठार नाही. समोरासमोर बोललं की कळायचं. पण इतकी वर्षं साच्यांच्या खडखडाटात उभं राहून कानांनी वरचे आवाज सोडून दिले होते. कुकरच्या शिट्ट्या त्यांच्या लेखी नव्हत्याच. त्यांना वाटायचं, आई उगाच मधेच उठून गॅस बंद करते. जुनी पेटी त्यांची वीस वर्षांची, बोटांना पाठ होती, त्यामुळे निभावत होतं. घरात हे फक्त मला आणि आईला माहीत होतं, आणि आम्ही दोघींनी ते दाबून ठेवलं होतं. मी तेव्हा अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि चाळीतल्या सगळ्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

त्या पावसाळ्यात उंदरांनी जुन्या पेटीचा भाता खाल्ला. गणपती तोंडावर. मंडळाने वर्गणी काढली आणि ठरलं की बुवांनी नवी पेटी निवडायची. साकीनाक्याला एका गाळ्यात पेट्या बनवणारा कारागीर होता. त्याच्याकडे तीनच शिल्लक होत्या आणि रविवारनंतर ठेवणार नाही असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं.

निवडायची म्हणजे चार लोकांसमोर वाजवून बघायची. मंडळात बँकेत नोकरी करणारा एक तरुण होता, गाण्याच्या दोन-तीन परीक्षा दिलेला. तो असल्यावर नक्की म्हणणार, बुवा, हिचा वरचा सा जरा चढा नाही का? मग बाबा काय सांगणार? एकदा का कळलं की बुवांना वरचं सप्तक ऐकू येत नाही, की पेटी त्या बँकवाल्याच्या पुढ्यात. कोणी दुष्टपणाने करणार नाही, उलट फार गोड बोलून करतील. त्याचीच बाबांना जास्त भीती होती.

गुरुवारी बाबा मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले आणि सांगून आले की गावाहून सांगावा आला, भावकीतले अमुकतमुक वारले. आम्हाला सुतक आहे. पेटी वाजवून बघता येणार नाही, नुसती बघून निवडतो.

घरी येऊन त्यांनी हे सांगितल्यावर आईने हातातली पळी खाली ठेवली.

“तुमका लाज नाय? जित्या माणसाक मारलात?”

“जित्याक मारूक नाय,” बाबा म्हणाले. “तो मेललोच आसा. नऊ वर्सां झाली.”

हे त्यांना फार न्याय्य वाटत होतं. जिवंत माणसावर मरण घालायचं पाप नको, म्हणून त्यांनी भावकीतला एक जुना मेलेला शोधून काढला होता.

“आणि श्रावणातलो सोमवार? देवाक दिवो कोण लावतलो?”

याचा विचार त्यांनी केला नव्हता. सुतक जाहीर केलं म्हणजे पाळावं लागणार. दहा दिवस देवपूजा बंद, बाबांची दाढी बंद, शेजारणींशी साखरेच्या वाटीची देवघेव बंद. खोट्या सुतकात खरा श्रावण बुडाला म्हणून आई इतकी चिडली की ती आमच्याशी भिंतीकडे बघून बोलायची. देवाला खरं ठाऊक आहे, शेजाऱ्यांना नाही, असा तिने हिशोब मांडला आणि देव्हाऱ्यातला दिवा उचलून पिठाच्या डब्यामागे लावला. चोरून दिवा लावणारी मी पाहिलेली ती पहिली आणि शेवटची बाई.

शुक्रवारी मंडळातल्या मृदंगवाल्या काकांची बायको समाचाराला आली. तिचं माहेर नेमकं आमच्याच गावचं. डोळ्याला पदर लावून बसली, मग म्हणाली, “अगो, पण तेंच्या बाराव्याक मी जेवललंय ना? वडे केल्लेले.”

“ते दुसरे,” आई म्हणाली. “ह्ये वरच्या घरातले.”

“असात, असात,” ती म्हणाली, आणि समोर ठेवलेला चहा बशीत ओतून सगळा प्यायली. सुतकाच्या घरी कोणी पाण्याला तोंड लावत नाही. आईला हे कपबशी धुताना लक्षात आलं.

खरा घोटाळा शनिवारी झाला. अध्यक्ष म्हणजे सोवळ्या-ओवळ्याचा चालताबोलता कायदा. त्यांनी घरी येऊन, उंबऱ्याबाहेर उभं राहून निकाल दिला. “बुवा, नवी पेटी देवाच्या कामाची. सुतकात तिला हातसुद्धा लावायचा नाही. तुम्ही लांब उभे राहा. हा आपला बँकवाला तिन्ही वाजवेल, तुम्ही फक्त कान द्या. कान आहे ना तुमचा! हाताची गरज काय?”

बाबांचा चेहरा बघवत नव्हता. हात लावून, भात्यावर तळवा ठेवून, लाकूड दाबून त्यांनी काहीतरी ठरवलं असतं. आता नुसतं ऐकायचं होतं. जे टाळायला माणूस मारला, तेच समोर येऊन उभं राहिलं.

मी म्हटलं, मी येते. अध्यक्ष म्हणाले, तुलाही सुतक आहे. मी म्हटलं, मग मीसुद्धा लांब उभी राहीन. रविवारी बसमध्ये बाबांच्या शेजारी बसून मी त्यांना माझी युक्ती सांगितली. मी तुमच्या समोर उभी राहते. जी पेटी चांगली वाटेल ती वाजत असताना मी पर्स डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेते. तुम्ही डोळे मिटल्यासारखे करा आणि बारीक फटीतून बघा.

“जमात तुका?” बाबांनी विचारलं.

“बाबा, मी मिनिटाला साठ शब्द टाइप करते,” मी म्हटलं. याचा पर्सशी काय संबंध होता, मला आजही सांगता येत नाही.

गाळ्यात भुसा, सरस आणि पॉलिशचा वास होता. शेजारच्या गाळ्यात प्रेस मशीन धाडधाड चालू होतं. अध्यक्षांनी चपलेच्या टोकाने जमिनीवर एक रेघ दाखवली. या बाजूला मी आणि चार दिवसांच्या दाढीतले बाबा, त्या बाजूला तीन पेट्या, कारागीर, अध्यक्ष, मृदंगवाले काका आणि पेटीपुढे मांडी घालून बँकवाला.

पहिली वाजली. बरी होती, जरा नाकात बोलणारी. दुसरी वाजली आणि मला लगेच कळलं की हीच. भरदार, गोड, खालपासून वरपर्यंत एकसारखी. त्याच क्षणी मी पर्स हलवायला हवी होती. पण मला वाटलं, घाई कशाला, तिसरी ऐकून मग दुसरी परत वाजवायला लावू, आपण नीट पद्धतशीर जाऊ. माझ्या या पद्धतशीरपणाने आयुष्यात माझी अनेकदा वाट लावली आहे.

तिसरीचा खर्ज छान होता. बँकवाला हळूहळू वर चढत गेला, आणि वरच्या सा ला पेटी अशी किंचाळली, जसं स्टीलचं पातेलं फरशीवरून ओढावं. मी दचकले. पर्स खांद्यावरून घसरून कोपरात आली. मी ती उचलली आणि दुसऱ्या खांद्यावर टाकली.

“हीच,” बाबा म्हणाले.

मशीनसुद्धा नेमकं तेव्हाच थांबलं. कारागीर स्वतः ओशाळून म्हणाला, “हिचा वरचा सूर जरा...”

“बुवा, परत एकदा ऐकवू का?” बँकवाल्याने विचारलं.

“एकदा ऐकलं की पुरे,” बाबा म्हणाले. इतक्या रुबाबात मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. “पेटी कशी, पहिल्यांदाच बोलायला पाहिजे.”

अध्यक्षांनी काकांकडे बघितलं. काकांनी वर छताकडे. मी तोंड उघडलं, “बाबा, ती दुसरी...” पण पुढे काय बोलणार? बोलले असते तर सगळंच बाहेर आलं असतं. मग बँकवाला उठला, पँटचा भुसा झटकला आणि कारागिराला म्हणाला, “बुवांनी सांगितली ना? मग तीच.”

परतीच्या बसमध्ये बाबा नुसते हसत होते. “एका फटक्यात काम!” असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. शनिवारी सगळ्या चाळीसमोर बाबा वरचा सा दाबणार, पेटी किंचाळणार, आणि ती किंचाळी न ऐकलेला एकटा माणूस तिथे असणार तो म्हणजे माझा बाप, आणि हे मी केलं होतं. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “सुतक खऱ्यासारखा पाळलंव, आता देवच बघतलो.”

पुढच्या शनिवारी सुतक फिटलं. बाबांनी गुळगुळीत दाढी केली. बँकवाल्याने पेटी रिक्षातून आणली, चादरीत गुंडाळून. हळद-कुंकू, नारळ, सगळं झालं. देऊळ भरलं होतं. बाबांनी पेटीला नमस्कार केला आणि सुरुवात केली. मी बायकांमध्ये बसले होते, मुठी आवळून. गजर रंगात आला, बाबा वर चढायला लागले, आणि मी डोळे मिटून घेतले.

वरचा सा लागला. स्वच्छ, गोड, काचेसारखा.

मी डोळे उघडून बँकवाल्याकडे बघितलं. तो खाली मान घालून टाळ वाजवत होता.

भजन संपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. “काय केलंस रे?”

“काही नाही गं. मंगळवारी बँकेतून सुटून पेटी घेऊन साकीनाक्याला गेलो होतो. कारागिराने त्या सुराची पट्टी खरवडून दिली. दहा मिनिटांचं काम.”

“तुला कधी कळलं?”

“कशाचं? बुवांच्या कानाचं?” तो चपला शोधत म्हणाला. “तीनेक वर्षं झाली असतील. सगळ्यांनाच माहितीये. बुवा वर चढले आणि सूर सुटला, की आम्ही टाळ जोरात घेतो. तू समोर बसतेस ना दर शनिवारी? लक्षात नाही आलं कधी?”

नव्हतं आलं. मला वाटायचं, या सगळ्या अडाणी लोकांपासून मी एकटी बाबांना सांभाळते आहे. मला इतकी लाज वाटली आणि इतकं भरून आलं. मी तशीच उलटी वळले आणि देवळाच्या मागे जाऊन नळावर तोंड धुतलं.

घरी जाताना बाबा डुलत चालले होते. “बघितलंस गो चेडवा? सगळ्यांका वाटला, बुवा चुकलो. मी म्हटलंय ना, हीच?”

“हो बाबा.”

“तो बँकवालो पोरगो पण बरो आसा,” ते म्हणाले. “कान तयार नाय अजून तेचो. पण झील बरो आसा.”