जीप हवा घेते

आमची जुनी डिझेल जीप दिवसभर गुणी आणि पहाटे मेलेली. नव्वदच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात तिनं माझ्या नाकी नऊ आणले. सेलूला आमचं किराणा दुकान. मालासाठी मला रोज सकाळी पवनारवरून वर्ध्याला जावं लागे. बाबा अंधारातच उठून गाडी गरम करायला बसत. मी रजईतून ऐकायचो: घर्र, घर्र, दोन-तीन आचके, अख्खी जीप थडथडायची आणि गप्प. पुन्हा घर्र.

मी भडक डोक्याचा माणूस. आधी बॅटरी बदलली, मग इंजिन तापवणारा हीटर, मग डिझेलचं फिल्टर. चोर सोडून संन्याशाला फाशी! शेवटी कळलं की जीप हवा घेते, म्हणजे डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरते. फिल्टरवरचा छोटा हातपंप मारून बुडबुडे काढले की शहाण्यासारखी चालायची. दुसऱ्या पहाटे ये रे माझ्या मागल्या.

बोरगावच्या मिस्त्रीकडे ती एक रात्र ठेवली, उघड्यावर, त्याच थंडीत. सकाळी चावी फिरवताच चालू. मिस्त्री माझ्या डोळ्याला डोळा देईना.

"भाऊ, बिमारी गाडीत नाई. तुमच्या आंगनात हाये काई तरी."

मी त्याला फाडफाड बोललो. पण परत येताना आरशात मागची सीट पाहत होतो, हे खरं. घरी येऊन लिंबू-मिरचीही बांधली. हसू नका, टेकीला आलेला माणूस काहीही करतो.

मग नट ढिला होऊन हवा शिरते का ते पाहायला फिल्टरच्या नटावरून खालच्या लोखंडापर्यंत ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढली. सकाळी पाहतो तर रेघ तुटलेली, नट चांगला अर्धा फेरा फिरलेला. बाप्पा! उभ्या गाडीचा नट फिरेल कसा? आमचं फाटक करकरल्याशिवाय उघडत नाही, आणि रात्रभर ते वाजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या आधी उठलो. धुकं इतकं की अंगणातली तुळस दिसेना. बोनेटवरच्या दंवात बोटं उमटली होती, बारीक बोटं. नट ढिलाच होता. मी तो आवळला, हवा काढली आणि आत आलो. आईनं चहाचा कप पुढे केला. कपाच्या कानाला डिझेलचा वास येत होता.

"आई, तू?"

"हो. मीच ढिला करते."

"काऊन?"

"तुह्या बाबाले तुहा काका बोलावते. पवनारच्या पुलावर."

काका पवनारला धाम नदीत बुडून गेले, तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. बाबांचा हा धाकटा भाऊ. त्या दिवशी त्यांना पुलावरून घरी आणायला बाबा निघाले होते, पण पोचायला उशीर झाला.

"मंग चावी लपव ना!" मी ओरडलोच.

"लपवली होती. तं पायीच निंघाले, अनवाणी. गाडी चालू होत नाई तं थकते अन् च्या प्याले येते." ती माझ्याकडे वळली. "गाडी गरम कोन करून राह्यलं, येड्या? जाऊन राह्यले ते."

तेवढ्यात अंगणात जीप चालू झाली. एकाच चावीत, एकही आचका न देता.

मी धावलो. जीप बंद फाटकाला नाक लावून उभी होती. स्टेअरिंगवर बाबा, मफलर बांधून. इतके खूश ते कित्येक महिन्यांत दिसले नव्हते.

"फाटक उघड, अन् तू मांगं बस," ते म्हणाले. "समोर तुहा काका बसला हाये. आज तोच आला घ्याले."

मी खिडकीतून हात घालून इंजिन बंद करायची खुंटी ओढली. वाटलं, आता आकांत करतील. पण ते रिकाम्या सीटकडे वळून हळूच म्हणाले, "उतर गा. पोरगा नाई म्हन्ते."

स्वतः मात्र हलेनात. शेवटी मी वळसा घालून गेलो आणि काकांच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"उतरला," बाबा म्हणाले.

मग मी दार लावलं.