छातीवरचा हात

आमच्या मावशीचं हृदय नाजूक आहे, हे आमच्या घराण्यात पाढ्यांच्या आधी शिकवतात. तिच्यासमोर दार आपटायचं नाही, वाईट बातमी सांगायची नाही, आणि चांगली सांगायची तर आधी तिला बसवायचं. मनाविरुद्ध काही झालं की मावशीचा उजवा हात छातीवर जातो. त्या हाताला मी सिग्नल म्हणतो. तो वर गेला की घरातली सगळी वाहतूक बंद.

या सिग्नलला जन्मभर थांबून राहिलेली एकुलती एक गाडी म्हणजे मावशीची लेक, माझी ताई. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. तरुणपणी तिचं बाहेरगावी शिकायला जायचं ठरलं, तेव्हा हात छातीवर गेला. मग पाणीपुरवठा खात्यातल्या एका भल्या माणसाचं स्थळ आलं. त्याची बदली लांब झालेली. हात छातीवर गेला. तो माणूस आता बदली होऊन परत आलाय. त्याला दोन मुलं आहेत आणि जाड भिंगांचा चष्मा आहे. तो चष्मा ताईनंच बनवून दिलाय.

यंदा मालकांनी दुसऱ्या गावात नवं दुकान काढलं आणि ताईला म्हणाले, "ते तू सांभाळ." ताईनं घरी विषय काढला. हात वर गेलाच. पण त्याच सुमारास मावशीच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी हृदयाला झेपेल का ते बघून या. एरवी माणसाला सरकत्या पट्ट्यावर पळवून हृदय तपासतात. मावशीला न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत लागते, ती काय पळणार! तर अशा लोकांचं हृदय म्हणे झोपल्या जागीच पळवतात, शिरेतून औषध सोडून.

"हृदय ठीक निघालं तर मी जाणार," ताई मला म्हणाली. "मालकांना तेवढं थांबा म्हटलंय."

"आणि नाही निघालं तर?"

"तर काचा घासणार."

मावशीला पलंगावर चढवायला दोन माणसं लागली, म्हणून मलाही आत राहू दिलं. डॉक्टरीणबाईंनी तिला डाव्या कुशीवर निजवलं, छातीला तारा चिकटवल्या, हाताला नळी लावली. जेल लावून छातीवर यंत्राचा दांडा टेकवला, तसं शेजारच्या पडद्यावर तिचं हृदय उघडझाप करताना दिसायला लागलं.

"छातीत दुखलं, काही त्रास झाला तर लगेच सांगा हं आजी. आपण थांबवू."

थेंब पडायला लागले मात्र, मावशी कण्हायला लागली. "आई गं... आली, आली, कळ आली! डावा हात गेला माझा. अगं, बघत काय बसलीस, जीव चाललाय माझा!"

ताई ताडकन उठली. डॉक्टरीणबाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग नळीकडे.

"आजी, औषध अजून सुरू केलेलं नाही. हे नुसतं मिठाचं पाणी आहे. नळी नीट बसली का, ते बघतेय."

मावशीनं डोळे उघडले. ती नाटक करत नव्हती, हे मला तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. कपाळावर खराखुरा घाम होता. ताईनं तो रुमालानं पुसला आणि परत खाली बसली. फार सावकाश बसली.

मग खरं औषध सुरू झालं. थोडंथोडं वाढवत नेलं. पडद्यावर मावशीचं हृदय घोड्यासारखं उधळलं. आणि मावशी?

"अगं, दूध आत ठेवलंयस ना? मागच्या दाराला कडी?"

"आजी, धडधडतंय का?"

"पूर्वी जिना चढले की व्हायचं तेवढंच. तुमचं हे चिकट काय ते मात्र फार गार आहे हो."

सगळं आटोपल्यावर डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "हृदय खणखणीत! चाळिशीतल्या बाईचं असावं तसं. ऑपरेशन बिनधास्त करा."

मी ताईकडे पाहिलं. चाळिशीतली बाई भिंतीकडे बघत होती.

बाहेर आल्या आल्या तिनं मालकांना फोन लावला. मालकांचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"अगं, ते कालच मेव्हण्याला देऊन टाकलं."

"मी थांबा म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस गं. पण तू थोडीच येणार होतीस? आजवर कधी कुठं गेलीस? आणि आईची तब्येत अशी. तुला ओढायचं माझ्याच जिवावर आलं."

ते अगदी चांगल्या मनानं बोलत होते, तेच वाईट.

चाकाच्या खुर्चीतून मावशीनं विचारलं, "कोणाचा फोन?"

"मालकांचा," ताई म्हणाली. "पुढच्या महिन्यात जाणार मी."

मी तोंड उघडलं, तर ताईनं माझ्या पायावर पाय दिला.

मावशीचा उजवा हात उठला आणि छातीवर गेला.

"आई," ताई थेट डॉक्टरीणबाईंच्या आवाजात म्हणाली, "औषध अजून सुरू केलेलं नाही."

हात तिथंच थबकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुठं जावं कळेना. मग तो हळूहळू खाली उतरला आणि गुडघ्यावर जाऊन बसला.

"ऑपरेशन झाल्यावर सहा महिने घरात माणूस लागतं म्हणे," मावशी म्हणाली.

ताईनं वाकून खुर्चीचा ब्रेक सोडला आणि खुर्ची ढकलायला लागली.