टेबलावरची पट्टी

कात्रीबाईंच्या दुकानात गिऱ्हाईक शिरायच्या आधी त्याचं माप शिरायचं. बाई मशीनवरून मान वर करायच्या, चष्म्याच्या वरून एकदा बघायच्या आणि सांगून टाकायच्या, छाती चाळीस. मग गळ्यातली टेप काढून मोजायच्या ते केवळ समोरच्याच्या समाधानासाठी. टेपही मुकाट्याने चाळीसच म्हणायची. एकतीस वर्षांत वेगळं काही म्हणायची तिची टाप नव्हती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली मशीन, मधोमध कापायचं लांबलचक टेबल, आणि कोपऱ्यात, फ्यूज बोर्डाच्या खाली, एक जुना कॉम्प्युटर आणि त्याच्याहून जुना प्रिंटर. सहा वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. पुतण्याने त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं, कपड्यांचे साचे काढायचा एक प्रोग्रॅम शिकवला आणि स्वतः लांबच्या गावी नोकरीला निघून गेला. जाताना इंटरनेटवरच्या एका कट्ट्याचा पत्ता मात्र लिहून दिला. म्हणाला, काकू, अडलं की इथे विचारायचं, लाजायचं नाही. लाजणं हा प्रकार बाईंच्या स्वभावात नव्हताच.

कट्ट्यावर सगळे लिनक्स वापरणारे. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, खरं नाव कुणाचंच माहीत नाही, पण एकमेकांचे प्रिंटर, पंखे आणि रुसलेले स्पीकर घरच्यासारखे ठाऊक. 'चष्मा' नावाच्या एक निवृत्त परिचारिका होत्या. कुणीही काहीही विचारलं तरी त्या आधी दहा प्रश्न विचारायच्या आणि पेशंटसारखी माहिती काढून घ्यायच्या. एक होता 'पुन्हाटाका'. आवाज येत नाही? सगळं पुसून पुन्हा टाका. घड्याळ दोन मिनिटं मागे आहे? पुन्हा टाका. त्याचं मूळ टोपणनाव काय होतं ते आता त्यालाही आठवत नसावं. आणि एक 'सुतार', जो खरोखर सुतार होता आणि महिन्यातून एखादी ओळ लिहायचा. कात्रीबाई स्वतः सहा वर्षांत विचारणाऱ्यांतून उठून उत्तरं देणाऱ्यांत जाऊन बसल्या होत्या. त्यांची उत्तरं जरा फटकळ असायची, पण लागू पडायची.

कट्ट्याचे नियम दोनच. कुणी 'सगळं कसं पुसायचं' असं विचारलं तर आधी कारण विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि अडचण सुटली की 'सुटलं' असं लिहून खरं कारण सांगायचं, मग चूक आपलीच का असेना.

एका मंगळवारी सकाळी कात्रीबाईंनी कट्ट्यावर एकच ओळ लिहिली. कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकायचा आहे, त्यातलं सगळं पुसायचं कसं?

पुन्हाटाकाने नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकलं. मग चष्म्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "कारण सांगा, कात्रीबाई."

कारण सांगणं बाईंना जड गेलं. गेल्या दोन-अडीच महिन्यांत त्यांनी शिवलेला प्रत्येक कपडा तंग होत होता. सुरुवातीला बाईंनी गिऱ्हाइकांनाच धारेवर धरलं. अंगाला लागलंय तुमच्या, असं तोंडावर सांगायच्या. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा जुना खाक्या. पण मग मुख्याध्यापिकाबाईंचा कोट परत आला. त्या दर रविवारी वजन करून वहीत लिहिणाऱ्या. त्यांनी वहीच आणून टेबलावर ठेवली. पाठोपाठ पोस्टमन आला. त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटाच्या वर थांबत होत्या, आणि पन्नाशीत हात वाढत नाहीत हे बाईंनाही कबूल करावं लागलं.

घरातही तेच. यजमान ग्रंथालयातून निवृत्त झालेले, बायकोच्या शब्दाबाहेर नसलेले गृहस्थ. पँट आवळते म्हटल्यावर त्यांनी साखर सोडली, जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेणं सोडलं आणि रोज सकाळी मैदानाला सहा फेऱ्या मारायला सुरुवात केली. चार किलो उतरले बिचारे. बाईंनी नव्याने माप घेऊन नवी पँट शिवली. तीही तंग, आणि वर घोट्याच्या वर. "अगं, मी या वयात उंच तर होत नाहीये ना?" असं त्यांनी फार अदबीने विचारलं होतं, आणि बाई त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

कापडी टेप वापरून ताणली जाते आणि माप कमी दाखवते, म्हणून बाईंनी नवी टेप आणली. फरक शून्य. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तोही जसाच्या तसा. उरला तो हात. बाईंना शिवण त्यांच्या मावशीने शिकवलं होतं, आणि मावशीचा हात गेला, कापताना चुका व्हायला लागल्या, तेव्हा तिने एका दुपारी कात्री पुसून कपाटात ठेवली होती, कुणाला एक शब्द न बोलता. आपलीही वेळ आली, असं बाईंनी मनाशी धरलं. दारातून येणाऱ्या माणसाकडे बघून आकडा सांगणं तर त्यांनी कधीच बंद केलं होतं. जुनी मशीनं विकत घेणाऱ्या माणसाला निरोपही गेला होता. शनिवारी तो मशीन न्यायला येणार होता.

हे सगळं बाईंनी कट्ट्यावर लिहिलं, आणि लिहिताना दोनदा पदराने डोळे पुसले. शेवटी लिहिलं, तेव्हा आता साच्यांचा प्रोग्रॅम ठेवून तरी काय करू?

अर्ध्या तासात चष्म्यांचे प्रश्न सुरू झाले. फक्त घेर कमी भरतो की लांबीही? लांबीही. बाह्यासुद्धा? बाह्यासुद्धा. कॉलर? कॉलरही. छोट्या कपड्यात कमी चूक आणि मोठ्यात जास्त? बाईंनी जुनी वही काढून बघितलं. होय, तसंच.

"मग तुमचा हात गेलेला नाही," चष्म्यांनी लिहिलं. "हात चुकला तर कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. सगळीकडे एकाच हिशेबाने चुकणारा हात मी चाळीस वर्षांत पाहिलेला नाही. ही चूक यंत्राची आहे."

बाईंनी ते वाक्य तीन वेळा वाचलं. विश्वास बसेना, पण सोडवेनाही.

चष्म्यांचा संशय प्रिंटरवर होता. साचा कॉम्प्युटरवर काढला जातो, साध्या ए-फोर कागदांवर तुकड्या-तुकड्यांनी छापला जातो, ते तुकडे चिकटवून त्यावरून कापड कापलं जातं. छापताना चित्र आक्रसलं तर कपडा आक्रसणारच. तेव्हा दहा सेंटिमीटरचा एक चौकोन छापा आणि मोजून सांगा. बाईंनी चौकोन छापला, टेबलावर ठेवला, मोजला. दहा सेंटिमीटर. उभा मोजला, आडवा मोजला. दहा म्हणजे दहा.

चष्म्यांनी आणखी मोठा छापायला सांगितला. वीस सेंटिमीटर उंचीचा. तोही बरोबर वीस. बुधवार यातच गेला. प्रोग्रॅममधली एकके तपासून झाली, इंच आणि सेंटिमीटर यांची अदलाबदल तपासून झाली, प्रिंटरचं नाव काढून पुन्हा जोडून झालं. पुन्हाटाकाने अखेर न राहवून आपलं नेहमीचं औषध सुचवलं, आणि त्याला तिघांनी एकदम गप्प बसवलं. गुरुवारी दुपारपर्यंत चष्म्यांनीही हात टेकले. कागदावर सगळं बरोबर आणि अंगावर सगळं चूक, असं कसं होईल, असं त्यांनी लिहिलं, आणि बाईंनी स्वतःशी कबूल केलं. म्हणजे शेवटी हातच.

शुक्रवारी सकाळी यजमान फेऱ्या मारून आले तेव्हा बाई मशीनला तेल घालत होत्या. परक्याच्या घरी जाणार, तर नीट होऊन जाऊ दे, म्हणाल्या. यजमानांनी स्टूल ओढलं आणि ते नुसते जवळ बसून राहिले. कॉम्प्युटरने टुण्ण केलं. सुताराची ओळ आली होती.

"ताई, काहीही न छापलेला कोरा कागद घ्या. रुंदी मोजा. सांगा."

बाईंना राग आला. कोरा कागद मोजून काय होणार? ए-फोर कागद जगभर एकवीस सेंटिमीटर रुंद असतो, हे त्या कुणालाही झोपेत सांगतील. तरी त्यांनी एक कागद उचलला, टेबलाच्या कडेला लावला आणि मोजला. मग सरळ करून पुन्हा मोजला. मग दुसरा कागद घेतला.

एकवीस सेंटिमीटर आणि वर साडेसहा मिलिमीटर.

बाईंनी तसं लिहिलं आणि खाली जोडलं की हल्ली कागदही धड मिळत नाही.

"कागद बरोबर आहे," सुताराने लिहिलं. "कशानं मोजला?"

"टेबलावरच्या पट्टीनं."

"ती पट्टी कुठून आणली?"

बाईंनी उत्तर लिहायला बोटं उचलली आणि ती तशीच हवेत राहिली.

मावशीची एक शिस्त होती. गळ्यातली टेप माणसाच्या अंगाला लावायची, टेबलावर कधीही टेकवायची नाही, कारण कापडी टेप ताणली जाते. कापड आणि कागद मोजायला टेबलाच्या कडेला रंगवलेल्या खुणा. बाईंनी ही शिस्त एकतीस वर्षं मोडली नव्हती. पण त्या खुणा घासून घासून पार पुसट झाल्या होत्या, म्हणून अडीच महिन्यांपूर्वी बाईंनी एक झोकदार युक्ती केली. कॉम्प्युटरवर पट्टी काढली, आपल्याच प्रिंटरवर छापली, तुकडे जोडले आणि टेबलाच्या कडेला पारदर्शक चिकटपट्टीने या टोकापासून त्या टोकापर्यंत डकवली. त्याच्या दोनच दिवस आधी कॉम्प्युटरचं मोठं अपडेट झालं होतं. प्रिंटर तेव्हापासून सगळंच जरा लहान छापत होता. चौकोनही लहान, साचाही लहान आणि त्यांना मोजणारी पट्टीही तेवढीच लहान. तिघांचं आपसात उत्तम जमत होतं. फक्त माणसं मूळच्या मापाची राहिली होती.

"मी छापली," असं बाईंनी लिहिलं.

मग चष्म्यांचं उत्तर आलं. छापताना जी खिडकी उघडते तिच्यात 'कागदात बसवा' असं निवडलेलं असेल, अपडेटने ते आपोआप केलं असणार. ते काढून 'मूळ आकार' निवडा. बाईंनी उघडून बघितलं. होतं. शंभराच्या जागी सत्त्याण्णव टक्के, अगदी साळसूदपणे बसलेलं. ते बदलून त्यांनी चौकोन छापला, आणि यजमानांच्या टेबलातली जुनी स्टीलची पट्टी मागवून मोजला. दहा.

बाई स्टुलावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. रडता रडता हसायला लागल्या, आणि यजमान घाबरून पाणी घेऊन आले. हात गेलेला नव्हता. हात जिथल्या तिथे होता, डोळाही होता, आणि अडीच महिने त्या दोघांना खोटं ठरवलं होतं एका कागदाच्या चिंधीने. बाईंना इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. यजमानांनी सगळी हकीकत नीट ऐकून घेतली, समजून घेतली, आणि मग एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे माझं वजन आधीही ठीकच होतं?"

"ठीकच होतं हो," बाई म्हणाल्या आणि उठून त्यांच्या चहात दोन चमचे साखर घालून आल्या.

मग बाईंनी कट्ट्यावर 'सुटलं' लिहिलं. कारणाच्या जागी काही लपवलं नाही. चूक माझी, मी प्रिंटरची परीक्षा प्रिंटरलाच घ्यायला लावली, असं लिहिलं. सुताराचे आभार मानले आणि त्याला हे कसं सुचलं ते विचारलं. त्याने लिहिलं की त्यानेही एकदा दोन वेगवेगळ्या टेपांनी एक कपाट केलं होतं, ते अजून त्याच्याच घरात आहे, कारण दारातून बाहेर निघत नाही. पुन्हाटाकाने विचारलं, पट्टीचं आता काय करणार? बाईंनी लिहिलं, काढून पुन्हा टाकणार. सहा वर्षांत प्रथमच कट्ट्याने त्याचा सल्ला मानला म्हणून तो दिवसभर खूश होता.

या सगळ्या आनंदात बाई मशीनवाल्याला निरोप द्यायला साफ विसरल्या. शनिवारी दहा वाजता तो टेम्पो घेऊन दारात हजर. बाई टेबलाच्या कडेची कागदी पट्टी नखाने खरवडून काढत होत्या, आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाचा नवा साचा मशीनवर पसरलेला होता. मशीन विकायचं नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. इतक्या लांबून आलो, बाई, म्हणाला, आणि दारातच उभा राहिला. भरलेल्या अंगाचा माणूस होता. शर्टाचं तिसरं बटण कसंबसं तग धरून होतं.

बाईंनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघितलं. कित्येक आठवड्यांत त्यांनी असं कुणाकडे बघितलं नव्हतं. आतल्या दारात यजमान चहाचा कप घेऊन उभे होते, तेही थांबले.

"शर्ट तयार घेतलाय ना? बेचाळीसचा?"

"हो. बेचाळीसच लागतो मला. कायम."

"चव्वेचाळीस," बाई म्हणाल्या.

त्यांनी गळ्यातली टेप काढली, त्याला आत बोलावून उजेडात उभं केलं आणि छातीभोवती फिरवली. चष्मा खाली ओढून त्यांनी आकडा वाचला, मग यजमानांनाही जवळ बोलावून वाचायला लावला. चव्वेचाळीस होता. बाईंनी तो वहीत लिहिला आणि त्या माणसाला बाहीच्या मापासाठी हात पुढे करायला सांगितलं.